स्तनांच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी निधी कसा उभारायचा

‘कॅन्सरसाठी देणगी द्या’ म्हटलं की देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एखाद्या रुग्णाचं केमोचं बिल येतं. मागणाऱ्याच्या मनात प्रयोगशाळा असते. आणि पैसे ज्या फाउंडेशनकडे जमा होतात तिथे ते तपासणी शिबिरावर खर्च होतात. खोटं कुणीच बोललेलं नसतं, तरी वर्षभराने हिशेब निघाला की तिघंही नाराज. नवख्या मंडळींची गाडी बहुतेक वेळा इथेच घसरते. म्हणून पैसे कसे गोळा करायचे हा प्रश्न थोडा मागे ठेवून आधी खर्चाकडे बघू.

आधी ठरवा: पैसा कोणत्या कामाला

रुग्णाला उपचारासाठी मदत, जनजागृती व तपासणी, आणि संशोधन ही तीन वेगळी कामं आहेत. तिन्ही गरजेची आहेत, पण पावतीवर आणि पत्रकावर एकच लिहा. संशोधन निवडलंत तर त्यातही काय हे विचारून घ्या. ‘संशोधन’ म्हणजे दरवेळी नवं औषध नव्हे.

दोन उदाहरणं मुंबईतलीच. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये मुंबईतल्या वस्त्यांमध्ये एक अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करत. वीस वर्षांचा पाठपुरावा होऊन २०२१ मध्ये निष्कर्ष आले: गाठ लवकरच्या टप्प्यात सापडू लागली आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. इथे खर्च मॅमोग्राफीच्या (स्तनांच्या एक्स-रेच्या) यंत्रावर नव्हता. तो कार्यकर्त्यांचे पगार, घरोघरीच्या फेऱ्या आणि नोंदी यांवर होता.

दुसरा अभ्यास शस्त्रक्रियेच्या वेळचा. गाठ काढण्याआधी ७ ते १० मिनिटं तिच्याभोवती ०.५ टक्के लिग्नोकेन टोचायचं. दात काढताना हिरडीत देतात तेच भुलीचं औषध. देशातल्या ११ केंद्रांवर जवळपास १,६०० स्त्रियांच्या अभ्यासात सुमारे निम्म्या जणींना हे देऊन पाहिलं आणि २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण न टोचलेल्यांत ८६.४ टक्के, तर टोचलेल्यांत ९०.१ टक्के होतं. औषध जुनं आणि स्वस्त आहे, त्यावर कुणाचं पेटंट नाही. असल्या अभ्यासावर कोणती औषध कंपनी पैसे लावेल? देणगीचा पैसा सर्वांत जास्त कामी येतो तो अशाच ठिकाणी, आणि देणगीदाराला पटवायलाही याच्यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही.

स्वतःचं फाउंडेशन काढू नका

पाच-सहा उत्साही माणसं जमली की पहिला विचार ‘आपलाच ट्रस्ट काढू’ असा येतो. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, पॅन, बँक खाते, आयकर खात्याची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) मान्यता, दरवर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अहवाल. एका मोहिमेसाठी एवढा संसार मांडण्यात अर्थ नाही. शिवाय सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर खर्चायचा पैसा घ्यायचा तर बहुतेक संस्थांना तीन वर्षांच्या कामाचा पूर्वेतिहास दाखवावा लागतो. आधीपासून चालू असलेलं फाउंडेशन किंवा थेट संशोधन संस्था गाठा.

आणि कुणाच्याही छत्राखाली न जाता मंडळ म्हणून वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० मधलं कलम ४१क लागू होतं. गणेश मंडळं दरवर्षी ज्यासाठी धर्मादाय कार्यालयात अर्ज करतात तेच हे कलम. हेतू कॅन्सरचा असला म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

फाउंडेशन निवडताना मागायची कागदपत्रं: नोंदणी प्रमाणपत्र, १२ए आणि ८०जीचे आदेश (त्यांवरची मुदत वाचा, कायमची मान्यता आता नसते, ठराविक वर्षांनी नूतनीकरण लागतं), मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, आणि विश्वस्तांची नावं. ताळेबंदात एकच ओळ शोधायची: संशोधनावर प्रत्यक्ष किती गेले? पत्रकावर सूक्ष्मदर्शक आणि खर्चात फक्त ‘जनजागृती कार्यक्रम’ व ‘कार्यालयीन खर्च’, असं दिसलं की नमस्कार करून पुढचं दार गाठावं. दुसरा प्रश्न: फाउंडेशन स्वतः संशोधन करतं की पैसे पुढे देतं? पुढे देत असेल तर कुणाला, कोणत्या लेखी करारावर?

यात एक हिशेबी खोच आहे. एका ट्रस्टने दुसऱ्या नोंदणीकृत ट्रस्टला दिलेल्या देणगीपैकी ८५ टक्केच ‘खर्च’ म्हणून धरली जाते, आणि ट्रस्टने वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के खर्च करायचे असतात. १०० रुपये जमवून १०० पुढे दिले तर हिशेब बसतो. ८५ पुढे देऊन १५ हाताशी ठेवले तर धरले जातात सव्वाबहात्तरच. केवळ पैसे पोचवणाऱ्या फाउंडेशनच्या सीएला हे ठाऊक आहे ना, ते विचारा. उत्तर चटकन आलं तर माणसं कामाची आहेत.

संस्थेकडून लेखी अंदाजपत्रक

आकडा हवेत ठरवू नका. ‘दहा लाख जमवू’ आणि मग त्याचं काय करायचं ते बघू, हा उलटा क्रम झाला. संशोधन संस्थेला सांगा की एका वर्षात होणारा, तुकडा पाडून देता येणारा खर्च सुचवा. नमुन्यादाखल एक अंदाजपत्रक असं दिसेल:

कनिष्ठ संशोधन फेलोचं (जेआरएफ) वर्षाचं मानधन ५ लाख ८० हजार. सरकारी दर महिना ३७,००० आणि वर घरभाडे भत्ता. मुंबईत ३० टक्के धरला तर वर्षाला ५ लाख ७७ हजार होतात.
तपासण्या आणि रसायनं ३ लाख.
रुग्णांचा पाठपुरावा, म्हणजे फोन आणि प्रवासभाडं, १ लाख.
संख्याशास्त्रज्ञ आणि नोंदींची साठवण १ लाख.
संस्थेचा व्यवस्थापन वाटा १० टक्के, म्हणजे १ लाख ८ हजार.
एकूण ११ लाख ८८ हजार. बोलायला १२ लाख.

व्यवस्थापन वाटा बघून देणगीदार कपाळाला आठ्या घालतात. त्यांना स्पष्ट सांगा की वीज, हिशेबनीस आणि उणे ८० अंशांचा फ्रीझर रात्रंदिवस चालू ठेवणं फुकट होत नाही. ‘तुमचा शंभर टक्के पैसा संशोधनाला’ असं छापणाऱ्यांचा उरलेला खर्च दुसरं कुणीतरी भरत असतं. तो कोण भरतो हे त्यांनाच विचारा. प्रवासभाड्याच्या ओळीला मात्र कात्री लावू देऊ नका. विदर्भातून किंवा कोकणातून मुंबईला उपचार घेऊन गेलेली बाई सहा महिन्यांनी तपासणीला परत आली नाही, तर तिच्यापुरती अभ्यासातली नोंद अर्धवट राहते. अशा नोंदी साठल्या की अख्ख्या निष्कर्षावरच शंका घेतली जाते.

सामंजस्य करारात निदान एवढं हवं: खर्चाची शीर्षकं, हप्ते (४० टक्के सुरुवातीला, ४० सहामाही अहवालानंतर, २० शेवटी, ही विभागणी बरी पडते), विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) कधी देणार, उरलेल्या पैशाचं काय, आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी. रुग्णांवरची चाचणी असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियातला नोंदणी क्रमांकही घ्या. २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे आणि ती कुणालाही ऑनलाइन पाहता येते. एक कलम देणाऱ्यांनाच बांधणारं असावं: निष्कर्ष काय यावेत, ते छापावेत की नाही, यात आमचा हात नाही, रुग्णांची माहिती आम्हाला मिळणार नाही.

पैसे कुणाच्या खात्यात

फक्त फाउंडेशनच्या खात्यात. ‘सध्या माझ्या जीपेवर पाठवा, मी एकदम भरतो’ हे वाक्य मोहिमेतून हद्दपार करा. वैयक्तिक खात्यात आलेल्या रकमेची ८०जी पावती मूळ देणगीदाराला मिळू शकत नाही, खातेदाराला आयकराची प्रश्नावली येऊ शकते, आणि गावात कुजबुज होते ती वेगळीच. फाउंडेशनला या मोहिमेसाठी वेगळं खातं किंवा निदान हिशेबात वेगळं शीर्षक उघडायला सांगा. क्यूआर कोड छापायला देण्याआधी एक रुपया पाठवून नाव कोणाचं येतं ते बघा.

यूपीआयने पैसे आले की बँकेला नाव दिसतं, पॅन दिसत नाही. मग मे महिन्यात धावपळ होते. प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन (नसेल तर आधार), रक्कम आणि पैसे देण्याची पद्धत एवढ्या नोंदींसह फाउंडेशनला फॉर्म १०बीडी हे विवरणपत्र आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत भरावं लागतं. त्यातूनच देणगीदाराचं १०बीई प्रमाणपत्र निघतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. पॅन चुकला तर करसवलत अडकते आणि फोन तुम्हाला येतो. त्यामुळे क्यूआरखालीच एक छोटा ऑनलाइन फॉर्म द्या आणि नाव पॅन कार्डावर आहे तसंच लिहायला सांगा. ‘सौ. काकू’ आणि ‘जोशी परिवार’ या नावांनी आलेल्या देणग्या मे महिन्यात फार छळतात.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे आणि त्यात कलमांचे व फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. लोक अजून ‘८०जी’च म्हणतात आणि म्हणत राहतील; पावतीवर काय छापायचं ते मात्र सीएकडून लिहून घ्या.

रोख देणगी २,००० रुपयांच्या वर असेल तर सवलत मिळत नाही. दानपेटी ठेवायची असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यांपैकी जी रक्कम मोठी तिच्यावर गेल्या, तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर बसतो. छोट्या मोहिमेत ही मर्यादा क्वचितच ओलांडली जाते, तरी पेटी उघडताना दोन साक्षीदार, मोजणीचा कागद आणि सह्या हव्यातच.

करसवलतीबद्दल खरं बोला

‘८०जी आहे’ म्हणजे पूर्ण रक्कम करातून वजा, असा समज सर्रास आहे. साधारणपणे ५० टक्के रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. १०,००० रुपये देणारा ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह त्याचे १,५६० रुपये वाचतात. मान्यताप्राप्त वैज्ञानिक संशोधन संस्थेला थेट दिल्यास १०० टक्के वजावटीची वेगळी तरतूद आहे (जुन्या कायद्यातली ३५(१)(ii) आणि ८०जीजीए ही कलमं), पण त्यासाठी संस्थेला केंद्र सरकारची खास अधिसूचना लागते. साध्या ८०जीवर ती मिळत नाही. आणि नवी करप्रणाली घेतलेल्या पगारदाराला यातलं काहीच मिळत नाही. आज बहुतेक पगारदार नव्या प्रणालीतच आहेत, तेव्हा कराच्या आमिषावर मोहीम उभी करण्यात फारसा दम नाही.

कुणाकडे, किती मागायचं

१२ लाख हजार-हजारने जमवायचे तर १,२०० माणसं लागतील आणि स्वयंसेवक आधी थकतील. आकडा असा पाडा: ३ लाखांचा एक, दीड लाखांचे दोन, २५,००० चे दहा, ५,००० चे चाळीस, १,००० चे दीडशे. बेरीज बरोबर १२ लाख, देणगीदार २०३. प्रत्येक पायरीवर लागतात त्याच्या तिप्पट-चौपट माणसांकडे जावं लागेल हे गृहीत धरा.

मोठ्या तिघांना आधी भेटा, समक्ष, आणि आकडा उच्चारा. ‘जमेल तेवढं द्या’ म्हटलं की दीड लाख देऊ शकणारा पाच हजार देऊन मोकळा होतो, त्यात त्याचा दोष नाही. निम्मी रक्कम आश्वासित झाल्याशिवाय जाहीर आवाहन करू नका, कारण रिकाम्या मोहिमेत पहिला पैसा टाकायला कुणाला आवडत नाही. आश्वासन आलं की त्याच आठवड्यात दुवा किंवा खाते क्रमांक पाठवा. महिना उलटला की आश्वासन विरतं.

लहान रकमांसाठी आपल्याकडचे प्रसंग आहेतच. संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाणावर जाणारा खर्च, साठीशांत, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, ‘आहेर आणू नये’ छापलेल्या पत्रिकेत त्याखाली क्यूआर. हळदीकुंकवाचा आणखी एक फायदा म्हणजे विषय बायकांमध्ये मोकळेपणाने निघतो. मात्र विधवा आणि उपचार घेत असलेल्या स्त्रियांनाही आवर्जून बोलवा, नाहीतर ज्यांच्यासाठी हे चाललंय त्याच दाराबाहेर.

धावण्याच्या कार्यक्रमाचा मोह आवरा. पाचशे रुपये प्रवेशशुल्काने ३०० जण आले की दीड लाख दिसतात. टी-शर्ट, पदक, नाश्ता, पाणी, रुग्णवाहिका, मंडप आणि ध्वनिक्षेपक वजा केले की हातात वीस-तीस हजार उरले तरी भाग्य. प्रायोजकाने सगळा खर्च उचलला तरच करा. त्यापेक्षा तयार स्पर्धेत शिरा: टाटा मुंबई मॅरेथॉनमध्ये सामाजिक संस्थांसाठी निधी उभारण्याची व्यवस्था युनायटेड वे मुंबई पाहते. फाउंडेशन तिथे नोंदलेलं असेल तर तुमचे धावपटू त्याच्या नावाने पैसे मागू शकतात. तिकिटं विकून लकी ड्रॉ काढणं मात्र टाळाच; सरकारी परवानगीशिवाय लॉटरी चालवणं गुन्हा आहे.

कंपन्या आणि गुलाबी रंग

सीएसआर बंधनकारक असलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे असतात. फाउंडेशनकडे सीएसआर-१ नोंदणी क्रमांक हवा. प्रस्तावात ‘संशोधन’ लिहिलं की कंपनीचा विधी विभाग कंपनी कायद्याची सातवी अनुसूची उघडतो. त्यात वैद्यकीय संशोधनाची वाट मुख्यतः सरकारी निधीवरचे प्रकल्प, सार्वजनिक विद्यापीठं आणि अणुऊर्जा, जैवतंत्रज्ञान अशा विभागांखालच्या संस्था यांच्याकडे जाते. टाटा मेमोरियल सेंटर अणुऊर्जा विभागाखाली येतं, म्हणून तिथला प्रकल्प मंजूर होणं सोपं. खासगी ट्रस्टच्या प्रयोगशाळेसाठी आधी कंपनीच्या सीएसआर समितीचं मत घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत पोचलेला प्रस्ताव बहुधा पुढच्या वर्षावर जातो. एप्रिल ते जूनमध्ये द्या.

दुसरा प्रकार म्हणजे ऑक्टोबरमधली गुलाबी विक्री. हा महिना स्तनांच्या कॅन्सरच्या जनजागृतीचा आणि गुलाबी हा त्याचा रंग. ‘प्रत्येक खरेदीमागे काही वाटा कॅन्सर संशोधनाला’ अशी पाटी दुकानात लावायची तर किती वाटा, कुठल्या तारखेपर्यंत, विक्री झाली नाही तरी किमान किती रक्कम देणार, हे लेखी घ्या. ‘काही वाटा’ या शब्दांत शून्यही बसतं. कंपनीच्या मालाची जाहिरात होईल अशा रीतीने तुम्ही बोधचिन्ह झळकवलंत तर ती देणगी न राहता प्रायोजकत्व होतं आणि त्यावर जीएसटीचा प्रश्न येतो. जाहिरातीचा हेतू नसलेली, केवळ आभाराची नामपट्टी असेल तर येत नाही.

परदेशातले आप्तेष्ट

न्यू जर्सी किंवा लंडनमधल्या मराठी मंडळींना आवाहन पाठवण्याआधी एकच गोष्ट तपासा: पासपोर्ट कोणता? भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेला पैसा परकीय देणगी धरला जात नाही. ओसीआय कार्ड असलेली व्यक्ती मात्र परकीय नागरिक आहे. तिच्याकडून घ्यायचं तर फाउंडेशनला एफसीआरए (परकीय देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या संसद मार्ग शाखेत खातं हवं. वर, २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे पैसे पुढे देणाऱ्या फाउंडेशनच्या हाती तो आला तरी संशोधन संस्थेपर्यंत जाणार नाही. ही मंडळी थेट एफसीआरए असलेल्या संशोधन संस्थेला देऊ शकतात. अशी चूक नकळत झाली असली तरी दंड फाउंडेशनला बसतो, आणि त्याची नोंदणीही धोक्यात येते.

पत्रकात काय लिहू नये

‘तुमच्या देणगीने कॅन्सर बरा होईल’, ‘कॅन्सरमुक्त महाराष्ट्र’ असली वाक्यं गाळा. त्याऐवजी ‘५,००० रुपयांत इतक्या रुग्णांचा वर्षभराचा पाठपुरावा’ असं संस्थेने दिलेल्या दराने लिहा. आकडा द्यायचाच तर साल घालून द्या: २०२२ मध्ये भारतात स्तनांच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू, असा जागतिक कर्करोग नोंदींचा अंदाज आहे. रुग्णाचा फोटो लेखी संमतीशिवाय नको. संमती मराठीत, वाचून दाखवून, आणि ‘नंतर कधीही मागे घेता येईल’ या ओळीसह. केमोने केस गेलेल्या बाईचा फोटो देणग्या आणतो हे खरं. तो व्हॉट्सअॅपवर तिच्या मुलीच्या सासरीही पोचतो.

पैसे जमल्यावर

आठ दिवसांत पावती, मेअखेरपर्यंत कर प्रमाणपत्र, सहा महिन्यांनी एक पानी अहवाल. अहवालात किती जमले, किती पोचले, कशावर गेले, काय अडलं. देणगी मागतानाच सांगून ठेवा की वर्षभरात ‘शोध’ लागणार नाही आणि अभ्यास ‘या उपायाने फरक पडत नाही’ असंही सांगू शकतो. तोही निष्कर्षच आहे. निरुपयोगी उपचार थांबतात.

प्रकल्प रेंगाळला तर पैसे पडून राहतात आणि ३१ मार्च जवळ येतो. वर्षात खर्च न झालेली रक्कम ठराविक हेतूसाठी पाच वर्षांपर्यंत राखून ठेवता येते, पण त्यासाठी विश्वस्तांचा ठराव आणि आयकर खात्याकडे मुदतीत अर्ज लागतो. देणगीदाराने लेखी ‘कायम निधीसाठी’ म्हटलं असेल तर ती रक्कम वेगळी गुंतवावी लागते, ती चालू खर्चाला वापरता येत नाही. प्रकल्पच बंद पडला तर दुसऱ्या अभ्यासाकडे वळवण्याआधी मोठ्या देणगीदारांची लेखी संमती घ्या, बाकीच्यांना कळवा, आणि हे करता येईल ही ओळ पहिल्या पत्रकातच छापलेली असू द्या.